आडवी बाटली : ग्रामसंघाच्या वहीतल्या नोंदी

गावातलं देशी दारूचं दुकान मतदानाने बंद करण्यासाठी आमच्या महिला बचत गटांच्या ग्रामसंघाने जे केलं, त्याच्या या नोंदी. वही मी लिहीत होते. आता दुसऱ्या गावांतल्या बाया फोन करून विचारतात, ‘ताई, सुरुवात कुठून करायची?’ म्हणून जशा लिहिल्या तशाच, थोड्या नीट करून इथे उतरवते आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. आम्हा सगळ्यांना त्याच गावात राहायचं आहे.

११ ऑगस्ट २०१८

बैठक कर्जवसुलीसाठी बोलावली होती. तीन गटांचे हप्ते थकलेत. कारण विचारलं तर पहिल्यांदा कुणी बोलेना. मग एकीने सांगितलं की हप्त्याचे पैसे तिने पिठाच्या डब्यात ठेवले होते, नवऱ्याने काढून नेले. ती बोलली आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. कर्जवसुलीचा विषय तिथेच राहिला.

दुकान गावात आलं २०१७ च्या उन्हाळ्यात. त्याआधी ते हायवेला होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीसाठी ते अंतर पुढे २२० मीटर केलं. निकाल अपघात कमी व्हावेत म्हणून होता, आणि तो चांगलाच होता. पण हायवेवरची दुकानं बंद झाली नाहीत, आत सरकली. आमच्याकडे ते दुकान शाळेच्या वाटेवर आलं. देशी दारूचे नवे परवाने सरकार कित्येक वर्षांपासून देत नाही, त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याची किंमत. जागा बदलेल, पण परवाना कुणी सोडणार नाही.

दुकान गावात यायला हरकत नाही असा ग्रामपंचायतीचा ठराव आहे म्हणतात. त्या ग्रामसभेला आमच्यातली एकही बाई नव्हती.

दोघीतिघी म्हणाल्या, ‘चला, आत्ताच जाऊन फोडू.’ राग खरा आहे. पण फोडलं तर गुन्हे आमच्यावर पडतील, दुकान आठ दिवसांत पुन्हा उघडेल आणि कोर्टाच्या तारखा आम्ही करत बसू. ठरलं असं, की कागदाने बंद करायचं.

१५ ऑगस्ट

कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती एरवी रजिस्टरवर होते, या वेळी खरोखर झाली. आज झेंडावंदनानंतर ग्रामसभेत ठराव मांडला. पुरुषांतून थोडी कुजबुज झाली, विरोधात उघड कुणी उभं राहिलं नाही. ठराव इतिवृत्तात लिहून झाल्यावर, तिथेच उभं राहून वाचून घेतला. पहिल्या मसुद्यात ‘दुकान बंद करण्याबाबत चर्चा झाली’ एवढंच होतं. ‘एकमताने ठराव मंजूर’ असं लिहून घेतलं. सरपंच भाऊ नाराज दिसले, पण सही केली. नक्कल मागितली आहे.

२० ऑगस्ट

तालुक्याच्या वकीलताईंकडे जाऊन नियम समजून घेतला. सगळ्यांना माहीत असावा म्हणून सविस्तर लिहिते.

२००८ सालची राज्य सरकारची अधिसूचना आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन दिलं, की उत्पादन शुल्क खात्याचे अधिकारी त्या सह्यांची पडताळणी करतात. सह्या खऱ्या निघाल्या तर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, आणि हे निम्मं झालेल्या मतदानाचं नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांचं. आमदाराच्या, खासदाराच्या निवडणुकीत जो जास्त मतं घेतो तो निवडून येतो. निम्मे लोक घरी बसले तरी चालतं. इथे हजार नावं यादीत असतील तर ५०१ मतं आडव्या बाटलीलाच हवीत. सहाशे बाया मतदानाला आल्या आणि त्यातल्या पाचशेंनी ‘बंद करा’ म्हटलं, तरी दुकान चालू राहणार.

वकीलताई म्हणाल्या, ‘मोर्चे मोठे निघाले, सह्याही भरपूर झाल्या, आणि मतदानाच्या दिवशी निम्मा आकडा गाठता आला नाही म्हणून हरलेली गावं आहेत. तुम्ही आधी यादी बघा.’

३ सप्टेंबर

महिला मतदारांची यादी झेरॉक्स करून आणली आणि गल्लीप्रमाणे वाटून घेतली. चार दिवस रात्री जेवणानंतर समाजमंदिरात बसून प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं. वाचता वाचता सगळ्या गप्प होत गेल्या.

वारलेल्या बाया यादीत आहेत. एका नावाला तर गटातल्या म्हाताऱ्या आक्का म्हणाल्या, ‘ही माझी जाऊ, हिचं वर्षश्राद्ध होऊनही सात-आठ वर्षं झाली.’ लग्न होऊन गेलेल्या लेकी आहेत, त्यांची नावं सासरीही लागलीत आणि इथेही राहिलीत. पुण्याला कंपनीत कामाला गेलेली कुटुंबं आहेत, ती आता गावी फक्त जत्रेला येतात. एक नाव दोनदा आलेलं आहे, फक्त आडनावाच्या वेलांटीचा फरक. दुसरीकडे ज्या सुना चार-पाच वर्षांपासून इथे नांदतात, ज्यांना हे दुकान रोज भोगावं लागतं, त्यांतल्या कित्येकींची नावंच नाहीत.

आता नियम पुन्हा डोळ्यांसमोर आणा. यादीतलं जे नाव मतदानाला येणार नाही ते उभ्या बाटलीलाच पडलं असं समजायचं. वारलेली जाऊ दुकानाच्या बाजूने मत देणार, सासरी गेलेली लेक दुकानाच्या बाजूने मत देणार. दुकानदाराने काहीच केलं नाही तरी एवढी मतं त्याच्या खिशात आहेत.

माझं मत मी बैठकीत स्पष्ट मांडलं. आपली लढाई पहिल्यांदा या यादीशी आहे. सह्या एका आठवड्यात होतील. यादी साफ झाली नाही तर त्या सह्यांचा उपयोग नाही.

सुदैवाने याच महिन्यात मतदार यादीचं पुनरीक्षण सुरू आहे, ऑक्टोबरअखेरपर्यंत. नाव काढायला ७ नंबरचा फॉर्म, नवीन नाव लावायला ६ नंबरचा, दुरुस्तीला ८ नंबरचा. आमचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी, शाळेतले गुरुजी आहेत. एवढे फॉर्म एकदम बघून ते आधी दचकले, मग म्हणाले, ‘हे काम खरं तर माझंच होतं, बरं झालं तुम्ही घेतलं.’

२९ सप्टेंबर

फॉर्म भरणं वाटतं तितकं सोपं नाही. वारलेल्यांसाठी मृत्यूचा दाखला लागतो, आणि कित्येकींच्या मृत्यूची नोंदच नाही. सुनांचं आधार कार्ड माहेरच्या पत्त्यावर. लग्नाची नोंद नाही. दोन घरांत सासऱ्यांनी सुनेचं नाव लावायला विरोध केला. एकाने तोंडावर सांगितलं, ‘नाव लागलं की उद्या जमिनीत वाटा मागंल.’ दारूबंदीचं काम करता करता दुसऱ्याच गाठी हाताला लागतात.

लेकींच्या नावाबद्दल आयांना वाईट वाटतं. नाव काढायचं म्हणजे लेक गावातून पुरती गेली असं त्यांच्या मनात येतं. त्यांना घाई केली नाही. ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं तशीच ठेवली आणि शेजारी लिहून ठेवलं, ‘मतदानाला बोलवायची.’

१६ ऑक्टोबर

परवा दसरा. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेकांनी कधीच घेतलेली आहे. ट्रकमध्ये संसार भरला जातोय. आज वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. काहीजणींचं म्हणणं, २५ टक्के सह्या आत्ताच होतात, निवेदन लगेच देऊन टाकू, गरम आहे तोवर. पण प्रशासनाने मतदान जानेवारीत लावलं तर? कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, तेव्हा साताऱ्या-कोल्हापूरकडे, कर्नाटकात फडावर असणार. निम्म्या बाया गावात नसताना निम्मी मतं कुठून आणायची?

ज्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याच मतदानाला नसतील. ऊसतोडीचा पैसा एकरकमी हातात येतो आणि उन्हाळ्यात तोच या दुकानात जातो. त्यांना वगळून हे करायचं तर कशासाठी करायचं?

ठरलं. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, टोळ्या परत येईपर्यंत निवेदन द्यायचं नाही. थांबणं अवघड आहे, कारण दुकान रोज सकाळी उघडतं.

१३ जानेवारी २०१९

दुष्काळाचं वर्ष. पाण्याच्या टँकरच्या रांगेतच बैठका होतात. त्यामुळे नोंदी कमी.

वाचन थोडं झालं. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावची गोष्ट गटात सांगितली. तिथल्या बाया साक्षरता वर्गात जात होत्या. वाचायच्या धड्यात दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. त्या वाचता वाचता उठल्या आणि गावातला अर्राकचा, म्हणजे तिथल्या देशी दारूचा, गुत्ता बंद पाडला. ते लोण जिल्हाभर पसरलं, बाया अर्राकविक्रीचे लिलाव होऊ देईनात. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारला अर्राक बंद करावी लागली, १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी झाली. आणि दोनच वर्षांत, १९९७ मध्ये, महसुलाचं कारण सांगून ती बहुतांशी उठवलीही गेली.

हा शेवटचा भाग सांगू का नको असा प्रश्न होता. सांगितला. बायांना खरं सांगायला हवं.

आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावागावातून ती चळवळ उभी केली. चंद्रपूरला श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी आणि हजारो बायांनी २०१० च्या थंडीत चिमूर ते नागपूर पायी मोर्चा नेला, अधिवेशनावर. सरकारने समिती नेमली. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी ठराव दिले. तरी जिल्ह्यात बंदी लागू व्हायला १ एप्रिल २०१५ उजाडावा लागला. मधल्या काळात सरकार बदललं, बाया मात्र मागणीवरून हटल्या नाहीत. एका मोर्चाने काही झालं नाही. समितीपुढे साक्षी, पुन्हा ठराव, पुन्हा मोर्चा, आणि निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला तोच प्रश्न.

११ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. आता निकालापर्यंत काही हलणार नाही. प्रचाराला जो येईल त्याला महिला गटांनी एकच प्रश्न विचारायचा ठरवलं. सगळेच म्हणतील ‘आमचा पाठिंबा आहे’. म्हणू दे. चार लोकांसमोर म्हटलेलं पुढे उपयोगी पडतं.

नवी यादी आली आहे. काढायच्या नावांतली बरीचशी गेली. सुनांची नावं लागली. पहिल्यांदाच स्वतःचं नाव छापलेलं बघून एक जण यादीचं ते पान मोबाइलवर फोटो काढून माहेरी पाठवत होती.

२८ एप्रिल

टोळ्या परतल्या. आजपासून सह्या.

पद्धत ठरवून घेतली आहे. देवळात लाउडस्पीकर लावून एका दिवसात सह्या घ्यायच्या नाहीत. घरोघरी जायचं, दोघींनी मिळून. निवेदन पूर्ण वाचून दाखवायचं, मगच कागद पुढे करायचा. प्रत्येक सहीपुढे यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहायचा, म्हणजे पडताळणीत नाव शोधावं लागणार नाही. सासूने सुनेची, सुनेने सासूची सही करायची नाही. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहून साक्षीदाराची सही. जिला भीती वाटते तिला आग्रह करायचा नाही. आपल्याला २५ टक्के पुरतात. भीतीने दिलेली सही पडताळणीत आपल्यालाच खोटं पाडेल.

एका घरी नवरा दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘ती नाही करणार सही.’ आतून आवाज आला, ‘करणार.’ बाहेर येऊन तिने सही केली. रात्री तिच्या घरी दोघी जाऊन बसल्या, नुसत्या गप्पा मारायला. असं बसणं कामाचाच भाग धरायचं.

२७ मे

निवेदन दिलं. २५ टक्क्यांना पुरून उरतील इतक्या सह्या, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, यादीची प्रत. तीन संच केले: एक उत्पादन शुल्क अधीक्षकांना, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक आमच्याकडे. आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. खिडकीतले म्हणाले, ‘ठेवून जा, पोच नंतर मिळेल.’ आम्ही थांबलो. पोच मिळाली. कागद दिला म्हणून तो पोचत नाही. तो दिल्याचा पुरावा आपल्या हातात असला तरच पोचतो.

१ जुलै

महिना झाला. फोन केला की ‘प्रक्रिया सुरू आहे’. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: आमचं निवेदन सध्या कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेला कुणाकडे गेलं, पडताळणी कधी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्ज लिहिताना बायांना सांगितलं की हा अधिकारही आपल्यासारख्याच माणसांनी भांडून मिळवलाय. राजस्थानात मजुरांनी हजेरीपटाच्या नकला मागितल्या, आणि १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. आपल्याकडे अण्णा हजारेंची उपोषणं झाली. २००५ चा कायदा त्यातून आला. कुणीतरी उन्हात बसलं होतं म्हणून आज आपला दहा रुपयांचा अर्ज चालतो.

अर्ध्या बाया आता वारीला निघाल्यात. १२ जुलैला आषाढी. त्याआधी पडताळणी लागू नये असं लेखी कळवलं आहे.

१६ जुलै

अर्जावर अजून उत्तर नाही. वारकरी बाया परत आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरमधून तालुक्याला गेलो आणि कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलो. घोषणा फार दिल्या नाहीत. भजन म्हटलं. दुपारी पत्रकार आले, फोटो झाले. चार वाजता आत बोलावलं आणि पडताळणीची तारीख लेखी दिली.

यावर रात्री बरंच बोलणं झालं. नुसता कागद दीड महिन्याहून जास्त पडून होता. नुसता ठिय्या दिला असता तर ‘आधी निवेदन द्या’ म्हणून घालवलं असतं. ठिय्याच्या वेळी हातात पोच होती, म्हणून साहेबांना बोलणं भाग पडलं. मोर्चाशिवाय फाइल हलत नाही आणि फाइलशिवाय मोर्चाला मागायला काही राहत नाही, असं माझं पक्कं मत झालं आहे.

२२ जुलै

पडताळणी. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं. ओळखपत्र घेऊन एकेकीला बोलवत होते. ‘नाव? ही सही तुमचीच का? कशासाठी केली माहीत आहे?’

फाटकाबाहेर दुकानाकडची पोरं मोबाइलवर शूटिंग करत उभी. कोण आत जातं, कोण नाही, हे टिपत होती. पहिला अर्धा तास कुणी पुढे जाईना. मग आक्का उठल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, आयुष्य ऊस तोडण्यात आणि खुरपण्यात गेलेलं. निवेदनावर त्यांचा अंगठा होता. जुळवून बघायला साहेबांनी पुन्हा अंगठा घ्यायला सांगितला, तर कागदावर नुसता काळा डाग उमटला. रेषाच नाहीत. ओल्या फडक्याने बोट पुसलं, शाई कमी लावली, दाबून बघितलं, हलक्या हाताने बघितलं. डागच. आक्का म्हणाल्या, ‘रेशनच्या मशीनवर बी असंच होतंय साहेब. रेघा झिजल्या. पण मी हाय ना समोर, मला इचारा.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘बोला आजी, कशासाठी केला अंगठा?’

आक्कांनी सांगितलं. दोन मुलगे, त्यातला धाकटा या दुकानापायी गेला. तो कसा गेला ते त्यांनी कुठेही न थांबता सांगितलं. साहेबांनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. बाहेरच्या पोरांनी मोबाइल खाली घेतले होते. त्यातला एक आक्कांच्याच भावकीतला.

त्यानंतर रांग लागली, ती संध्याकाळपर्यंत.

काहीजणींनी ‘सही माझी नाही’ असं लिहून दिलं. त्यातल्या एकीचा नवरा दुकानात कामाला आहे. तिच्यावर कुणी बोट दाखवायचं नाही असं गटात बजावलं. मतदान गुप्त आहे, तिथे ती मोकळी असेल.

१४ ऑगस्ट

पडताळणी पुरेशी ठरली. मतदान २५ तारखेला, रविवारी. सप्टेंबरात विधानसभेची आचारसंहिता लागेल अशी चर्चा आहे, त्यामुळे तारीख पुढे गेली असती तर पुन्हा दसरा आणि पुन्हा टोळ्या.

प्रचाराचे दिवस. समोरून साड्या वाटल्या जातायत, मुकादमांकरवी निरोप येतायत की ‘पुढच्या वर्षी उचल हवी आहे ना?’ हा निरोप सगळ्यात जड आहे. साडी परत करता येते, उचल नाकारता येत नाही. यावर आम्ही एकच उत्तर ठेवलं: मतपत्रिकेवर नाव नसतं, कुणी काय मारलं ते मुकादमाला कळणार नाही. मतपत्रिकेचा नमुना कागदावर काढून, शिक्का कसा मारायचा, घडी कशी घालायची, हे घराघरात दाखवलं. दोन्ही चित्रांवर शिक्का पडला की मत बाद, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुरुषही सोबत आले. तरुण मंडळाच्या पोरांनी गाड्यांची सोय घेतली. सप्ताहाच्या कीर्तनकार महाराजांनी कीर्तनात विषय घेतला. पिणाऱ्यांतलेही दोघे-तिघे हळूच येऊन म्हणाले, ‘बंद झालं तर बरंच होईल, आम्हाला आमच्यानं सुटत नाही.’

यादी पुन्हा काढली. प्रत्येक नावापुढे एक बाई नेमली, जी त्या नावाला केंद्रापर्यंत आणेल. पुण्याला फोन झाले. ‘मतदानाला बोलवायच्या’ लेकींना आयांनी स्वतः फोन केले.

२५ ऑगस्ट

सकाळी आठ ते पाच. पाऊस होता. दुपारपर्यंत मतदान संथ. एक वाजता यादीवर खुणा मोजल्या आणि निम्म्याचा आकडा लांब दिसायला लागला. मग ज्या-त्या गल्लीची बाई उठली आणि दारोदार गेली. पुण्याची जीप तीनला आली. सासरहून आलेल्या लेकी लेकरं कडेवर घेऊन रांगेत होत्या. बाळंतीण होऊन महिना न झालेली एक सून डोक्याला फडकं बांधून आली, तिची सासू छत्री धरून मागे.

संध्याकाळी मोजणी. उभ्या बाटलीला फारच थोडी मतं. बाद झालेली थोडी. पण सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे होतं. यादीच्या निम्म्याहून आडव्या बाटलीला बावीस मतं जास्त पडली.

बावीस. मागच्या वर्षी यादीतून काढलेली वारलेल्यांची आणि दुबार नावं याहून जास्त होती. सुनांची नवी नावंही याहून जास्त. ते काम केलं नसतं तर एवढ्याच बाया, एवढ्याच पावसात येऊनही आम्ही हरलो असतो.

१९ सप्टेंबर

आदेश निघाला, दुकानाला सील लागलं. मालक अपिलात जाणार असं ऐकतो. वकीलताईंकडे सगळी फाइल देऊन ठेवली आहे.

दारू संपली का? नाही. हायवेच्या ढाब्यावरून पिशवीत बाटल्या येतात. ओढ्याकडे हातभट्टीचा वास येतो. जे म्हणतात ‘बंदीने काही होत नाही’, ते हेच दाखवतात. पण शाळेच्या वाटेवरची गर्दी गेली. पोरींच्या आया पोरींना आता एकटं पाठवतात. प्यायला आता लांब जावं लागतं, जास्त पैसे मोजावे लागतात, आणि जो रोज प्यायचा तो आठवड्यातून दोनदा पितो. घरातल्या बाईसाठी ते पाच दिवस फार मोठे आहेत. गटांचे थकलेले हप्ते हळूहळू यायला लागलेत.

२०१६ च्या दारूबंदी कायद्याच्या दुरुस्तीत गावातल्या अवैध दारूवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. पुढच्या ग्रामसभेत दल निवडायचं. पिणं सोडायचं म्हणणाऱ्यांसाठी व्यसनमुक्तीच्या उपचारांची सोय कुठे आहे ते शोधायला घेतलं आहे. त्याशिवाय हे काम अर्धंच.

८ डिसेंबर

पलीकडच्या गावच्या बाया आल्या होत्या. परवाना त्यांच्या हद्दीत हलवायचा अर्ज झालाय म्हणे. त्यांना ही वही दिली, आणि नियमाची प्रत. त्यांच्या ग्रामपंचायतीने अजून ना-हरकत दिलेली नाही. म्हणजे त्यांना मतदानापर्यंत जावंच लागू नये. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला बायांनी हजर राहून आधीच नाही म्हणायचं. आमच्याकडे ते झालं असतं तर एवढं करावं लागलं नसतं. आमच्यातल्या पाचजणी त्यांच्या महिला सभेला जाणार आहेत.

२८ मे २०२१

कोरोनामुळे बैठका बंद, म्हणून फोनवरच बोलणं झालं. काल मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण दिलं आहे. सहा वर्षं टिकली. एवढ्या बायांनी चालून मिळवलेली गोष्ट एका बैठकीत गेली, याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं. आक्कांनी फोनवर विचारलं, ‘मग आपलं बी उघडंल का?’

त्यांना सांगितलं की जिल्ह्याची बंदी मंत्रिमंडळाने दिली होती, म्हणून मंत्रिमंडळाला ती काढता आली. आपलं दुकान आपल्या मतांवर बंद झालंय. तरी निर्धास्त राहू नये. इतक्या मोठ्या जिल्ह्यात बंदी राबवायला पोलीस आणि उत्पादन शुल्काची माणसं पुरेशी दिली नाहीत, आणि मग अवैध दारू वाढली म्हणून बंदीलाच दोष दिला, असं मला वाटतं. आपल्याकडे ओढ्याकडची भट्टी पुन्हा लागली तर उद्या गावातलेच लोक हेच म्हणतील.

लॉकडाऊन उठला की करायचं: ग्रामरक्षक दलाची रखडलेली बैठक. हातभट्टीची तक्रार पोलीस ठाण्यात लेखी, पोच घेऊन. या दोन वर्षांत आलेल्या सुना आणि अठरा पूर्ण झालेल्या मुली यांची नावं काढून ६ नंबरचे फॉर्म. कोरोनात वारलेल्यांचे दाखले त्यांच्या घरी जाऊन, वेळ बघून मागायचे आणि ७ नंबरचे फॉर्म भरायचे. यादी माझ्याकडे आहे. गल्ल्या मागच्या वेळेसारख्याच वाटून घ्याव्यात.